चौथा क्लब

वहीवरचं नाव माझ्या अक्षरात :
सांगे-केपे विभागीय रग्बी संघटना, कुडचडे.
इतिवृत्त मराठीत, पावत्या इंग्रजीत,
भांडणं कोकणीत,
आणि भांडणांची नोंद नाही.

पहिला चेंडू इनास कुलासोनं आणला.
तारवटी माणूस, पाय मोडून बोटीवरून उतरला
तेव्हा बगलेत हाच होता.
कापणी झालेल्या शेतात त्यानं तो टाकला,
तर मेरेला आपटून तिसरीकडेच गेला.
'हो तर असोलो नाल्ल!' शाबा वेळीप म्हणाला,
आणि अख्खा वाफा हसला.
त्या दिवशी नऊ जण होते.
मी बारा लिहिले.

नियम कळायला दोन वर्षं गेली.
हातातला चेंडू पुढे फेकायचा नाही, मागे द्यायचा,
आपण मात्र पुढे जायचं.
'मग मागे बघायचं कधी?' तिळूनं विचारलं.
इनास म्हणाला, बघायचं नाही.
हाक ऐकायची.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रक रांगेनं उभे राहिले, चाकांत गवत वाढलं,
आणि चालक मैदानात आले.
खांद्याला खांदा लावून रेटणं
त्यांना शिकवावं लागलं नाही,
चिखलात रुतलेले दहा-टनी
ह्याच खांद्यांनी काढलेले.
तेव्हा क्लब झाले चार :
कुडचडे झुआरी, टिप्पर सावर्डे,
तिळामळ बॉईज, शेळवण.
रेषा मारायला चुना पानवाल्याकडून उधार
(ती उधारी पान सात, नऊ आणि एकतीसवर).

चार असलेच पाहिजेत. तिथंच तर गोम.
तीन क्लबांची संघटना राज्याला चालत नाही,
तीन म्हणजे नुसतं मित्रमंडळ.
आणि शेळवणचे सहा जण एका हिवाळ्यात
पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेले,
पोदेर बेंजामिन दुबईला,
उरलेल्यांनी फुटबॉल धरला,
फुटबॉलला निदान बघे असतात.

पाच वर्षं मी शेळवण जिवंत ठेवलं.
वर्गणी माझ्या खिशातली,
पंधरा नावं मतदारयादीतली.
त्यांत दोघे वारलेले.
एकाला तर मी उत्कृष्ट खेळाडू केला,
कारण तक्रार करायला तो येणार नव्हता.

पणजीहून पत्र आलं : निरीक्षक येत आहेत,
चारही संघ मैदानात हवेत.
मी इनासला सगळं सांगितलं.
तो चिंचेखाली बराच वेळ गुडघा चोळत बसला,
मग काही न बोलता स्कूटरला लाथ मारली.

शनिवारी काजूच्या कारखान्याची बस आली.
सोळा बायका उतरल्या,
तळहात चिकानं काळे पडलेले, सालटं निघालेली,
सलवारीवर जर्सी,
जर्सीवर 'शेळवण'.
'ह्या शेळवणच्या?' निरीक्षकांनी विचारलं.
'बस शेळवणवरूनच येता,' सुरंगा नाईक म्हणाली,
आणि केस बांधायला लागली.

आठ-आठ जणी आपापसातच खेळल्या.
टिप्परवाले बांधावर उभे,
आधी शिट्ट्या मारत, मग गप्प.
असले हात मी पाहिले नव्हते :
अर्ध्या तासात चेंडू दोनदाच निसटला.
मी मोजत होतो.
निरीक्षकांनी बूट झाडले, चष्मा पुसला
आणि चौथ्या रकान्यात बरोबरची खूण केली.
स्त्रिया की पुरुष,
असा रकाना त्या कागदावर नव्हता.

त्या रात्री मी वही काढली.
जुनी पंधरा नावं खोडली, एकेक,
पट्टी धरून.
सुरंगाच्या खाली पंधरा नवी घातली.
एक खोडलेलं मात्र परत लिहिलं :
पेद्रू बार्रेटो, उत्कृष्ट खेळाडू.
कप त्याच्या घरी आहे.
बायको दर आयतवारी चिंचेनं घासते,
आणि मी दिसलो की विचारते,
नेमका कुठच्या जाग्यावर खेळायचा आमचा माणूस?

मागच्या वेळी मी म्हणालो, उजव्या टोकाला.
तिथं पळावं लागतं, बाय, खूप.
'खरं,' ती म्हणाली,
'घरात तसा दिसायचाच नाही.'